देवाला पथ्यावर बसवणारी शकूआत्या

बातमी आली तेव्हा मी मेलेलो होतो. म्हणजे नाटकात. आमच्या हौशी मंडळाची तालीम चालू होती. दुसऱ्या अंकात माझं प्रेत रंगमंचाच्या मधोमध ठेवलेलं असतं आणि त्याच्याभोवती बसून नातेवाईक फ्लॅटवरून भांडतात, असा प्रवेश. प्रेताचं काम मला दिलं कारण दिग्दर्शकाच्या मते मी जिवंत असलो की बाकीच्यांना वाक्यं मिळत नाहीत. तर मी असा निपचित पडलेलो, नाकात कापूस, छातीवर झेंडूचा हार, आणि खिशातला मोबाइल थरथरायला लागला. "प्रेतानं फोन बंद ठेवावा!" दिग्दर्शक ओरडला. फोन थांबला, पुन्हा थरथरला. पुन्हा थांबला, पुन्हा थरथरला. तेव्हा मात्र मी प्रेतपणा सोडून उठून बसलो. स्क्रीनवर मेहताभाईंचं नाव होतं, आणि आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी मेहताभाई एवढ्या हट्टानं फोन करतात ते फक्त गच्चीवरची टाकी फुटली तरच. "जल्दी आ जाओ," ते म्हणाले. "शकुबेन गयी. कुर्सी में बैठे बैठे. हवालदार किसी को पास आने नहीं दे रहा."

हवालदार हा आत्याचा कुत्रा. त्याच्याबद्दल पुढे भरपूर येणार आहे, कारण शकूआत्याबद्दल लिहायचं आणि हवालदाराला वगळायचं म्हणजे लग्नपत्रिकेत नवरदेवाचं नाव विसरण्यासारखं आहे. मी नाकातला कापूस काढला, हार तसाच गळ्यात, आणि रिक्षात बसलो. रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघत होता. "शादी है क्या, साहब?" त्यानं विचारलं. डोळ्यांत पाणी असताना मला हसू फुटलं. आत्या असती तर तिनं ही गोष्ट मला चारचौघांत पुनःपुन्हा सांगायला लावली असती. आता काही आठवडे गेलेत, आणि तिला सांगायला ती नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय.

शकूआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. ज्या काळात ट्रंककॉल जोडून द्यावे लागत, त्या काळात कानाला हेडफोन लावून तिनं अख्ख्या देशाची बोलणी जुळवून दिली. तिचा आवाज... कसा सांगू? मऊ, किंचित नाकातून येणारा आणि शेवटच्या शब्दावर हलकेच खाली उतरणारा. तो आवाज ऐकला की भांडायला आलेला माणूस आधी खुर्चीत बसायचा. निवृत्तीनंतर ती आणि काका गिरगावातली खोली सोडून भाईंदर पूर्वेला इंद्रलोक नावाच्या वसाहतीत राहायला आले, मागोमाग खालच्या मजल्यावर मी आणि माझी बायको. काका गेले, मुलगा मिलिंद पुण्याला स्थायिक झाला, आणि आत्या आमच्या बिल्डिंगची टेलिफोन एक्स्चेंज होऊन बसली. कुणाचं कुणाशी वाजलं की लाइन जोडून द्यायची आत्यानं. बोलणं संपवताना ती फोन खाली ठेवत नसे, 'सावकाश, लाइन चालू आहे' असं म्हणायची. समोर बसलेल्या माणसालासुद्धा. देवालासुद्धा!

मी सगळ्यांच्या नकला करतो. मेहताभाईंची करतो, दिग्दर्शकाची करतो, सासऱ्यांची तर आग्रहाखातर करतो. आत्याच्या आवाजाला मात्र एकदाच हात लावला. दिवाळीच्या फराळाला सगळे जमले होते, मी सुरू केलं, "हं, बोला, सावकाश..." आणि आत्यानं चकलीचा तुकडा नेम धरून माझ्या कपाळावर मारला. "बाळ्या, हा आवाज माझा आहे. मी मेल्यावर कर काय करायची ती नक्कल. तोवर हात लावायचा नाही." लोक हसले, मीही हसलो, आणि नाटकवाल्याला शोभेल असा दिलेला शब्द पाळला.

हवालदार मूळचा बिल्डिंगचा. कुठून तरी आला आणि वॉचमनच्या खुर्चीखाली राहू लागला. रंग खाकी, छाती पुढे, आणि लिफ्टमधून उतरणाऱ्या प्रत्येकाला आपादमस्तक न्याहाळायची सवय. नाव आपोआप पडलं. पुढे एका पावसाळ्यात त्याला खाज सुटली. आधी पंजे चाटणं, मग कान झाडणं, मग पोट, मग बगला... महिन्याभरात हवालदाराच्या वर्दीला जागोजाग भोकं पडली. आतली कातडी लाल, वास असा की लिफ्टची वाट बघणारे जिन्यानं जाऊ लागले. रात्रंदिवस त्याच्या मागच्या पायाची टपटप फरशीवर चालू. आत्या दोन दिवस ती टपटप ऐकत राहिली आणि तिसऱ्या दिवशी त्याला उचलून, हो, उचलून, वर घेऊन आली. "लाइनवर कुणीतरी सारखं टकटक करतंय आणि आपण घेत नाही, असं वाटतं रे," ती म्हणाली.

मग बिल्डिंगमधल्या प्रत्येकाला आपण वैद्य असल्याचा साक्षात्कार झाला. एकानं करंजाचं तेल सांगितलं, एकानं ताक, एकानं कडुलिंबाचा काढा. तळमजल्यावरच्या काकूंनी तर आत्याची नजर चुकवून त्याला नखशिखान्त हळद फासली. हवालदार पिवळाधमक होऊन जिन्यात उभा, आणि माझी बायको म्हणाली, "अहो, मुलगी कुठली?" हळदीनं काही झालं नाही, फक्त सगळ्या मजल्यांवर पिवळे पंजे उमटले आणि प्रकरण कमिटीकडे गेलं.

कमिटीची सभा म्हणजे आमच्याकडे नाटकाच्या तोडीचा प्रकार. मेहताभाई उभे राहिले. वाईट माणूस नाही हो, पण नातवंडं लहान, आणि खरूज या शब्दाचा त्यांना धसका. "देखो शकुबेन, ये खुजली है. आज कुत्ते को, कल बच्चों को. उसको भेज दो." वरसाव्याच्या पुढे कुणीतरी जनावरांचा आश्रम चालवतं, तिथली गाडी बोलवायची असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. आत्या हळूच उठली. "मेहताभाई, डॉक्टरने देखा है. खुजली नहीं, अॅलर्जी है. अॅलर्जी चिपकती नहीं. चिपकती, तो तुमको देखके मेरेको कबका रॅश आया होता." सभेत हशा पिकला. मेहताभाईसुद्धा हसले, पण हटले नाहीत. "ठीक है. दिवाली तक. दिवाली तक बाल वापस आ गये तो रहेगा. नहीं आये तो गाडी आयेगी." आत्या म्हणाली, "मंजूर." घरी आल्यावर मात्र ती हवालदाराशेजारी जमिनीवर बसून राहिली. काकांच्या माघारी त्या घरात दाराची बेल वाजल्यावर धावत जाणारा तो एकच होता.

डॉक्टर सायली, आमच्याकडची जनावरांची डॉक्टर, वयानं लहान, पण तोंडानं स्पष्ट. तिनं आधीच कातडी खरवडून तपासली होती, किडे नव्हते. पिसवांचं औषध झालं होतं. कानाला थेंब, जखमांना गोळ्या, औषधी शांपू, आणि फिरून आल्यावर दर वेळी पंजे धुऊन बोटांच्या मधली जागा कोरडी करायची. "पण आजी, माझा संशय खाण्यावर आहे," ती म्हणाली. "कुत्र्याला ज्या पदार्थाची अॅलर्जी येते, तो बहुतेक वेळा त्याच्या रोजच्या खाण्यातलाच असतो. म्हणून दोन महिने त्याला असं काहीतरी द्यायचं, जे त्यानं जन्मात खाल्लेलं नाही. एक प्रथिन, एक पिष्ट. बास. बाहेरचा एक कणसुद्धा नाही. खाज थांबली की मग एकेक पदार्थ परत देऊन चोर पकडायचा. आता सांगा, यानं काय खाल्लेलं नाही?"

हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नव्हता. आत्यानं मला मजल्यामजल्यावर चौकशीला पाठवलं. हवालदारानं ढोकळा खाल्ला होता, ठेपला खाल्ला होता, लिट्टी खाल्ली होती, चिकन तर दर रविवारी दोन-तीन घरांतून मिळत होतं. चायनीजच्या गाडीवरच्या नूडल्स, पाणीपुरी (पाण्यासकट), वाढदिवसांचे केक, पेढे, बर्फी. प्रत्येक घराला वाटत होतं की ह्या बिचाऱ्याला आपणच काय तो एवढासा घास देतो. मी यादी म्हणून दाखवली तेव्हा डॉक्टर सायलीनं कपाळावर हात मारला. "अहो, हा बिल्डिंगमध्ये सगळ्यांत चांगलं जेवतो!" शेवटी तिनं विचारलं, "मासे?" आत्या एकदम ताठ झाली. "मासे? आमच्या घरात मासा उरतो कधी?" खरंच होतं ते. मासे खाणारी घरं आमचीच दोन, आणि आमच्यात पातेल्यात बोटं फिरवून झाल्यावरच पातेलं मोरीत जातं. कुत्र्याला मासा द्यायचा ही कल्पनाच घराण्यात कुणाला सुचलेली नव्हती. रताळंही त्यानं कधी खाल्लं नव्हतं. ठरलं... उकडलेले बोंबील, काटा काढून, आणि उकडलेलं रताळं. मीठ नाही, मसाला नाही, तेल नाही.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या समुद्रात गेल्या, आणि उत्तनची फिलोमिना पाटी घेऊन दारात आली. आत्याची जुनी मासळीवाली. आत्यानं ताजे बोंबील मागितले तेव्हा ती चकित झाली. "गो शकूबाय, श्रावण हाय ना तुमचा?" "माझा आहे. त्याचा नाही," आत्यानं हवालदाराकडे बोट केलं. फिलोमिनानं एकदा कुत्र्याकडे पाहिलं, एकदा बोंबलांकडे. "माझा घरवाला घरी सुकं चावतंय आन् ह्याला ताजं? बोंबील खायाला पन नशीब लागतं गो, ह्याच्यासारखं!" तेव्हापासून आत्या श्रावण पाळत, पदराचं टोक नाकाला न लावता, मन लावून बोंबील उकडायची. जिला बोंबिलाच्या वासानं झोपेतून जाग यायची, ती बाई ते पातेलं त्याच्यापुढे ठेवायची आणि स्वतः वरणभात जेवायची. ह्याला मी तपश्चर्या म्हणतो.

आता प्रश्न उरला बिल्डिंगचा. आत्यानं सगळ्यांना समजावलं, डॉक्टरचं सांगणं सांगितलं, हात जोडले. लोक मान डोलवायचे आणि पाठ फिरताच बिस्किट पुढे करायचे. "इतना सा तो दिया, आंटी." अॅलर्जी ह्या शब्दाला आपल्याकडे वजनच नाही. मग एका संध्याकाळी, गेटपाशी सगळी बायकामंडळी जमलेली असताना, आत्या तिच्या त्या ट्रंककॉलच्या आवाजात म्हणाली, "हवालदाराला काही देऊ नका हं. त्याचं व्रत आहे." "व्रत?" "मी बोलले आहे त्याच्या वतीनं. दिवाळीपर्यंत फक्त माझ्या हातचं." आणि चमत्कार झाला! गुजराती, मारवाडी, भोजपुरी, मराठी, सगळ्यांचे हात एकदम मागे. दुसऱ्याचं व्रत मोडायचं पाप कोण घेणार? मेहताभाईंच्या पत्नी, हंसाबेन, त्याला जाता-येता नमस्कार करू लागल्या. एक सूक्ष्म अडचण मात्र झाली. व्रत म्हटल्यावर लोकांनी त्याला उपवासाचं आणून द्यायला सुरुवात केली. साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचा लाडू, एकानं तर केळ्याचे वेफर्स. "उपासाला चालतं, आंटी, सेंधा नमक है." आत्यानं पुन्हा घोषणा केली, "ह्याचं व्रत कडक आहे. बोंबिलाचं आहे." हंसाबेन त्या दिवशी नमस्कार करायच्या थांबल्या, पण वेफर्सही थांबले.

माझ्याकडे आंघोळीचं खातं होतं. तो औषधी शांपू अंगाला लावून दहा मिनिटं तसाच ठेवायचा, मग धुवायचा. आता दहा मिनिटं हा काळ ओल्या कुत्र्यासाठी किती मोठा असतो ते भिजलेल्या माणसालाच कळतं. पहिल्या दिवशी त्यानं अंग झाडलं आणि बाथरूमचं छत पांढरं केलं. दुसऱ्या वेळी आत्या म्हणाली, "बाळ्या, तू एवढा नट. याला बसव की." मी बादलीवर चढलो आणि आमच्या ऐतिहासिक नाटकातलं किल्लेदाराचं भाषण सुरू केलं, जे ऐकून प्रेक्षागृहात लोक खुर्च्या करकरवतात. हवालदार थक्क. कान उभे, मान वाकडी, फेस टपटप गळतोय आणि तो हलत नाही! तेव्हापासून दर आंघोळीला माझा प्रयोग. आत्या दारात स्टुलावर, मांडीवर टॉवेल. कधी मी मध्येच वाक्य विसरलो तर आतून फेसातून हळूच "भुक" असा आवाज यायचा आणि आत्या म्हणायची, "बघ, त्याला पाठ आहे."

इतकं सगळं करून, गणपती आले तरी खाज काही थांबली नव्हती. कमी झाली होती, पण थांबली नव्हती. पोटावरची लाली तशीच, पंजे चाटणं चालूच. डॉक्टर सायली पुनःपुन्हा विचारायची, "आजी, बाहेरचं काहीच नाही ना? नक्की?" आत्या शपथेवर सांगायची. दिवाळी जवळ येत होती. मेहताभाई जिन्यात भेटले की हवालदाराच्या पाठीकडे बघायचे, आत्याकडे बघायचे, आणि काही न बोलता निघून जायचे. ते न बोलणं फार लागायचं. आत्यानं पहिल्यांदाच मला विचारलं, "बाळ्या, ती आश्रमाची गाडी... त्यात याला भीती वाटेल का रे?"

गणेशचतुर्थीला मी आत्याकडे आरतीला गेलो. आरतीत माझा आवाज वापरून घेतात, नंतर प्रसादात माझा वाटा कापतात. तिच्या दीड दिवसाच्या गणपतीची सकाळची पूजा झाली, नैवेद्य दाखवून झाला. देव्हाऱ्यापुढे हवालदार नेहमीसारखा दोन्ही पंजे जुळवून बसलेला. आत्या म्हणाली, "सावकाश हं, लाइन चालू आहे," आणि देवापुढची दूधसाखरेची चांदीची वाटी उचलून तिनं शांतपणे, प्रेमानं, हवालदारापुढे धरली. त्यानं ती चाटून लख्ख केली.

"आत्या! हे काय?"

"काय म्हणजे? प्रसाद."

"अगं, दूध आहे ते!"

"नैवेद्य दाखवायच्या आधी दूध होतं," आत्या म्हणाली. "नंतर प्रसाद."

"रोज देतेस?"

"रोज. तो बसतो ना पंगतीला. दारी बसलेल्याला प्रसाद नाही म्हणतात का कधी?" आणि मग बोलता बोलताच तिचा आवाज उतरला. अख्ख्या बिल्डिंगचे हात बांधणाऱ्या बाईला कळलं, की एक हात मोकळाच राहिला होता. मी डॉक्टर सायलीला फोन लावून दिला. पलीकडे हसण्याचा स्फोट. "आजी, देवाला अॅलर्जी नाही, पण याला बहुतेक दुधाची आहे! आजपासून घड्याळ पुन्हा पहिल्यापासून."

कुठल्याही शहाण्या माणसानं कुत्र्याला देवापुढून उठवलं असतं. आत्यानं तसं केलं नाही. ती गणपतीसमोर बसली, चष्मा काढला आणि रीतसर बोलली. मी साक्षीला आहे. "बाबा रे, लेकरू आजारी असलं की घरातली सगळीच पथ्याचं जेवतात. तू काय परका आहेस? हा बरा होईपर्यंत तूही रताळ्यावर राहा." संध्याकाळच्या आरतीला गणपतीपुढे चांदीच्या वाटीत उकडलेलं रताळं! मोदक होते, पण ते पाहुण्यांना. दर्शनाला आलेल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. "अहो, बाप्पाला रताळं?" "त्याचंही पथ्य चालू आहे," आत्या म्हणाली. मूर्ती घरात असेपर्यंत बोंबील चुलीवर चढणार नव्हते, तर फिलोमिनानं उत्तनहून उकडलेल्या बोंबलांचा डबा पाठवला आणि हवालदार आमच्या दारात जेवला. एक कुत्रा, एक देव आणि एक ख्रिस्ती मासळीवाली, तिघांनी मिळून ते पथ्य सांभाळलं.

आणि मग, दसऱ्याच्या आसपास, एका दुपारी घर फार शांत वाटू लागलं. काय वेगळं आहे ते कळेना. आत्यानंच ओळखलं. "टपटप थांबली रे." बगलांमध्ये मऊ, विरळ खाकी लव दिसू लागली होती. वर्दी परत शिवायला घेतली होती कुणीतरी! दिवाळीला मेहताभाई मिठाईचा बॉक्स घेऊन आले. हवालदार दारात उभा, छाती पुढे, अंगावर भोकं नाहीत. मेहताभाईंनी चष्मा वर केला, खाली केला, त्याच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली. मग बॉक्समधून एक पेढा काढला, हात पुढे केला... आणि अर्ध्यातून मागे घेतला. "इसका व्रत है ना," ते म्हणाले आणि तो पेढा स्वतःच्या तोंडात टाकला. गाडीचा विषय पुन्हा निघाला नाही. नंतर डॉक्टरनं सांगितलं तसं थोडं थोडं देऊन पाहिलं तेव्हा दुधानं खाज परत आली, चिकननंही आली. दोन चोर सापडले. "म्हणजे बरा झाला ना?" मी विचारलं. "अॅलर्जी बरी नाही होत," आत्या डॉक्टरच्या आधी म्हणाली. "सांभाळायची असते. सासूसारखी." देवाचं पथ्य तिनं मुद्दामच सोडवलं नाही. रताळं कायमचं झालं.

त्यानंतर काही वर्षं सुखाची गेली. दारात निळा टब, त्याच्यावर वाळत घातलेला नॅपकिन, फिरून आलं की हवालदार स्वतःहून टबात उभा राहून एकेक पंजा वर करायचा. आत्या गेली त्या दिवशी संध्याकाळी आम्ही सगळे स्मशानातून परतलो. आत शिरण्याआधी पाय धुवायचे, म्हणून कुणीतरी पाणी आणायला धावलं. बघतो तर टब भरलेला, आत्यानंच सकाळी भरून ठेवला असणार, आणि त्यात हवालदार आधीच उभा. पंजा वर. वाट बघत. त्याच्या मागे आम्ही, मिलिंद, मी, मेहताभाई, अशी रांग. कुणालाच पुढे जाववेना. शेवटी मेहताभाई खाली वाकले, धोतराच्या सोग्यानंच त्याचा पंजा पुसला, बोटांच्या मधली जागासुद्धा. "उंगली के बीच में सूखा रखना पडता है," ते मिलिंदला म्हणाले, जणू मिलिंदनंच विचारलं होतं.

मिलिंदचा पुण्याचा फ्लॅट लहान, मुलाला दमा. त्यानं कसनुसं होऊन विचारलं, "याला कुठे ठेवायचं? वरसाव्याच्या पुढे एक आश्रम आहे म्हणे..." "गाडी-बाडी नहीं आयेगी," मेहताभाई एकदम म्हणाले. "ये इधर का है. कमिटी का फैसला है." सभा झालेली नव्हती, पण इतका एकमुखी ठराव आमच्या सोसायटीत आधी कधी झाला नव्हता. हवालदार माझ्या घरी आला. आणि आल्या दिवसापासून त्यानं अन्नाला तोंड लावलं नाही. बोंबील तेच, फिलोमिनाचेच. रताळं तेच. डॉक्टर सायलीनं तपासलं, ताप नाही, काही नाही. दिवसभर तो वर जाऊन आत्याच्या बंद दारापाशी बसायचा. अंगावर एकही चट्टा नव्हता, आणि तरी तो आमच्या हातून निसटून चालला होता.

"अहो, त्याला वाटी लागते," माझी बायको म्हणाली. "आत्या आधी देवाला दाखवायच्या." माझी आणि देवाची ओळख नाटकाच्या नांदीपुरती. पण गेलो वर, मिलिंदला विचारून देव्हारा खाली आणला, सोवळं म्हणून प्रेताच्या भूमिकेतलं धोतर नेसलो, दिवा लावला, घंटा वाजवली, चांदीच्या वाटीत रताळं ठेवलं. हवालदार आला. पंजे जुळवून बसला. मी वाटी त्याच्यापुढे धरली. त्यानं वाटीकडे पाहिलंही नाही. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. ती नजर मी ओळखली. रंगमंचावर तुमचं वाक्य राहिलं की समोरचा नट असाच बघतो... घाई नाही, राग नाही, नुसती वाट. तुम्ही बोलल्याशिवाय त्याला पुढे जाता येत नाही.

मला परवानगी होती. चकलीच्या तुकड्यासकट मिळालेली. मी डोळे मिटले, श्वास घेतला आणि आवाज नाकात, मऊ, शेवटी हलकेच खाली नेला. स्वयंपाकघरात बायकोच्या हातातला झारा खणकन पडला. डोळे उघडले तर वाटी रिकामी होती.

आता रोज सकाळी हा प्रयोग होतो. प्रेक्षक एक, कधी पंजे धुऊन द्यायला आलेले मेहताभाई धरून दोन. सगळ्या आयुष्यात माझ्या वाट्याला आलेली ही सर्वांत लहान भूमिका, एकाच वाक्याची, आणि एकदाही चुकलेली नाही. वाटी पुढे धरायची, आणि म्हणायचं,

"सावकाश हं. लाइन चालू आहे."